निम्मं अंग औषधांचं: जुन्या अमेरिकी वर्तमानपत्रांतल्या जाहिराती कशा वाचाव्यात

न्यू जर्सीतल्या एका मराठी वाचकाने विचारलं आहे: जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना १८७० च्या दशकातला, एका अमेरिकी गावच्या साप्ताहिकाचा अंक मिळाला. अंक चार पानी, आणि त्यातलं निम्मं अंग औषधांच्या जाहिरातींनी भरलेलं. एकाच बाटलीने क्षय, संधिवात, खरूज, अपचन, मुलींचा फिकटपणा आणि मनाची उदासी, सगळं जातं असा दावा. त्यांचे प्रश्न तीन आहेत. लोक खरंच इतके भोळे होते का? हे खोटं आहे हे संपादकाला कळत नव्हतं का? आणि यांना 'पेटंट औषधं' का म्हणतात?

गेली बावीस वर्षं मी अमेरिकेतल्या ग्रंथालयांत जुन्या वर्तमानपत्रांची सूची करतो, मायक्रोफिल्म तपासतो, पानं ओळखून त्यांच्या तारखा लावतो. या जाहिराती पाहून हसणारे पुष्कळ लोक मला भेटतात. मला त्या कधी हसण्यासारख्या वाटल्या नाहीत. त्यांच्यामागे दुखणाईत माणसं आहेत, रात्रभर रडणारी मुलं आहेत, आणि अशा घरांतून आलेल्या पैशावर अमेरिकेचं वर्तमानपत्र पोसलं गेलं आहे. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो लवकर सुटतो. 'पेटंट' हा शब्द इंग्लंडातून आला. तिथे राजाच्या सनदेने एखाद्याला ठरावीक औषध बनवण्याचा मक्ता मिळे. अँडरसनच्या स्कॉट्स गोळ्यांना १६८७ मध्ये अशी सनद मिळाली, स्टॉटनच्या अर्काला १७१२ मध्ये, टर्लिंग्टनच्या बाल्समला १७४४ मध्ये. ही औषधं जहाजांनी अमेरिकेत येत आणि सनदेचा शब्दही त्यांच्याबरोबर आला. स्वतंत्र अमेरिकेत औषधाचं पहिलं पेटंट १७९६ मध्ये कनेक्टिकटच्या सॅम्युअल ली यांना पित्ताच्या गोळ्यांसाठी मिळालं. तीनच वर्षांनी त्याच राज्यातल्या दुसऱ्या एका सॅम्युअल ली यांनी आपल्या पित्ताच्या गोळ्यांचं पेटंट घेतलं आणि दोघे वर्तमानपत्रांतून एकमेकांवर तुटून पडले. पण पुढच्या शंभर वर्षांत ज्यांना लोक पेटंट औषधं म्हणत, त्यांतल्या बहुतेकांनी पेटंट घेतलंच नव्हतं. पेटंट घ्यायचं तर कृती सरकारदरबारी उघड करावी लागे आणि मुदत संपली की ती सगळ्यांची होई. धंद्याचं गुपित तर त्या कृतीतच होतं. म्हणून मालक नाव, लेबल, सही आणि बाटलीचा आकार राखत, आतला ऐवज मात्र मनाला येईल तेव्हा बदलत. १८२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या औषधनिर्माण महाविद्यालयाने आठ जुन्या इंग्लिश औषधांच्या प्रमाणित कृती प्रसिद्ध केल्या, त्या याच गोंधळामुळे. एकाच नावाच्या बाटलीत प्रत्येक दुकानदार वेगळं काहीतरी भरत होता. टर्लिंग्टनच्या मूळ बाल्सममध्ये सत्तावीस घटक असल्याचं सांगितलं जाई. लोकांना त्यांतला एकही ठाऊक नव्हता, पण बाटलीचा आकार ते लांबून ओळखत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. अमेरिकेत वर्तमानपत्र आणि औषध एकाच दुकानात वाढले. हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. 'बोस्टन न्यूज-लेटर' हे अमेरिकेतलं सातत्याने निघालेलं पहिलं वर्तमानपत्र एप्रिल १७०४ मध्ये सुरू झालं. पहिल्या अंकावर विक्रेता म्हणून निकोलस बून या पुस्तकविक्रेत्याचं नाव आहे. त्याच बूनने १७०८ मध्ये त्याच पत्रात जाहिरात दिली: डॅफीचा 'एलिक्सिर सॅल्युटिस', उत्तम प्रतीचा, अर्ध्या पाइंटची बाटली साडेचार शिलिंगांना. पत्र विकणारा आणि काढा विकणारा माणूस एकच. तेवीस वर्षांनी, १७३१ मध्ये, बेंजामिन फ्रँकलिनच्या 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'मध्ये विधवा रीडबाईंची जाहिरात आली. त्या आता बाजाराजवळच्या नव्या छापखान्यात राहायला आल्या असून खरजेवरचा आपला प्रसिद्ध मलम तिथेच बनवून विकतात, असं तीत म्हटलं होतं. रीडबाई म्हणजे फ्रँकलिनच्या सासूबाई आणि तो छापखाना जावयाचा. फ्रँकलिनच्या वडिलांच्या घरी साबण-मेणबत्त्यांचा धंदा होता, त्यामुळे तलम कापडासाठी उत्तम म्हणून 'क्राउन' साबणाच्या जाहिरातीही त्याच पत्रात दिसतात.

याचं कारण अगदी व्यवहारी आहे. गावचा मुद्रक म्हणजे कागद, शाई, पुस्तकं, टपाल आणि किरकोळ मालाचं दुकान. वर्गणीदार वर्गणी थकवत, कधी लाकूडफाटा देऊन भागवत. खात्रीने रोख पैसा मिळे तो जाहिरातीतून, आणि महिनोन्‌महिने न चुकता जाहिरात देणारा धंदा एकच, औषधाचा. बाटल्या लहान असत, नासत नसत, टिकाऊ होत्या आणि टपालवाल्याच्या थैलीतून पुढच्या गावी जात. पैशांऐवजी औषधाच्या पेट्या घेणारे मुद्रकही होते. आपल्याच पत्रातल्या जाहिरातीचं औषध ते आपल्याच कचेरीत विकत. १७६५ च्या स्टँप कायद्याने प्रत्येक जाहिरातीवर दोन शिलिंग कर लावला तेव्हा मुद्रक इतके का खवळले, हे या हिशेबावरून समजतं. तो कर त्यांच्या पोटावरच आला होता.

म्हणून संपादकाला कळत नव्हतं का, हा प्रश्न मी जरा वळवून विचारतो. या पैशाविना त्याचं पत्र चाललं असतं का? बहुतेक ठिकाणी चाललं नसतं.

पण लोक विकत का घेत होते? भोळेपणा हे उत्तर मला कधी पटलं नाही. त्या काळी शिकलेला डॉक्टर घरी आला तर काय करत असे ते आधी पाहा. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत फिलाडेल्फियाचे बेंजामिन रश रोग्याला दहा ग्रेन कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, आणि दहा ग्रेन जालप हे जहाल रेचक देत आणि वर रक्त काढत. रश अत्यंत प्रामाणिक माणूस. साथीत शहर सोडून गेला नाही, स्वतः आजारी पडला तरी रोगी तपासत राहिला. तरी उपचार हाच. १७९९ च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या आजाराने गेले, तेव्हाही त्यांच्या डॉक्टरांनी एका दिवसात अनेकदा रक्त काढलं होतं. पाऱ्याने तोंडाला लाळ सुटे, हिरड्या सुजत, दात हलत. हे ज्याने घरात एकदा पाहिलं, त्याला 'संपूर्ण वनस्पतीजन्य, पाऱ्याचा लवलेश नाही' ही ओळ वाचून काय वाटत असेल? तुमच्या अंकात 'व्हेजिटेबल' हा शब्द सापडेल तिथे खूण करा. तो शब्द डॉक्टरच्या पाऱ्याविरुद्ध बोलतो आहे. त्यात भर म्हणजे डॉक्टर मैलोन्‌मैल दूर, त्याची फी जबर आणि बाटली एका डॉलरला. लोकांनी आपल्या परीने हिशेब केला होता. जाहिरात खोटी होती म्हणून तो हिशेब चुकला.

आणि जाहिरात खोटी होती यात शंका नाही. फिलाडेल्फियाचा विल्यम स्वेम हा मूळचा पुस्तकबांधणी करणारा. १८२० च्या सुमाराला त्याने 'पॅनसिया', म्हणजे सर्व रोगांवरचा उपाय, विकायला काढला. लेबलावर अनेक तोंडांच्या सर्पाला मारणारा हर्क्युलिस. आत काय होतं? सारसापरिला, विंटरग्रीनचं सुवासिक तेल आणि पाऱ्याचा विषारी क्षार. म्हणजे ज्या पाऱ्याला भिऊन माणूस स्वेमकडे आला, तोच पारा त्याच्या पोटात गेला. (सारसापरिला ही आपली उपळसरी नव्हे. अनंतमुळाला इंग्रज लोक 'इंडियन सारसापरिला' म्हणू लागले, म्हणून दोन्हींची गल्लत होते. वनस्पती वेगळ्या आहेत.)

त्याच शहरातला थॉमस डायट तर घरगुती वस्तू आणि औषध यांच्यात किती कमी अंतर होतं याचा नमुनाच आहे. इंग्लंडातून आला तेव्हा तो बुटांचं काळं पॉलिश बनवून विके. तिथून तो 'डॉक्टर' झाला, एडिंबराच्या कुणा नामांकित 'डॉक्टर रॉबर्टसन' यांचा नातू असल्याचं सांगू लागला आणि रॉबर्टसनची कौटुंबिक औषधं देशभर विकू लागला. बाटल्या फार लागतात म्हणून काचेचा कारखाना घेतला, कामगारांची वसाहत वसवली, शेवटी बँकही काढली. १८३७ च्या आर्थिक संकटात बँक बुडाली आणि लबाडीने दिवाळं काढल्याबद्दल त्याला तुरुंगात जावं लागलं. पॉलिशाची डबी आणि काढ्याची बाटली विकण्याची रीत त्याच्या लेखी एकच होती: नाव ठसवा, गावोगाव एजंट नेमा, वर्तमानपत्रातली जागा वर्षभरासाठी धरा.

१८३३ मध्ये न्यूयॉर्कला 'सन' हे एका सेंटाचं पत्र निघालं आणि गणित पार बदललं. अंक विकून खर्च निघणार नाही हे उघडच होतं, सगळी मदार जाहिरातीवर. दोन वर्षांनी, १८३५ मध्ये, जेम्स गॉर्डन बेनेट यांनी 'हेरल्ड' काढला. त्याच वर्षी बेंजामिन ब्रँड्रेथ आपल्या आजोबांच्या गोळ्या घेऊन इंग्लंडातून न्यूयॉर्कला आला. 'हेरल्ड'ला पहिल्या वर्षांत मोठा आधार मिळाला तो ब्रँड्रेथच्या जाहिरातींचा. पुढे दोघांचं बिनसलं आणि त्याच 'हेरल्ड'ने ब्रँड्रेथला भोंदू ठरवलं. त्याने ब्रँड्रेथचं काही बिघडलं नाही. तो राज्याच्या सिनेटवर निवडून गेला आणि हडसनकाठी मोठा कारखाना चालवत राहिला. त्याच्या जाहिराती वाचण्यासारख्या आहेत, कारण तो नुसती गोळी विकत नाही, एक सिद्धान्त विकतो: सगळे रोग मुळात एकच, रक्तातली अशुद्धता, आणि उपायही एकच, पोट साफ. रोग एकच असेल तर एकाच औषधाने सगळं बरं होण्यात विसंगती उरत नाही. तुमच्या अंकातल्या त्या लांबलचक यादीमागे असाच काही सिद्धान्त असेल, तोही शोधा. पुढे रोगजंतूंचा शोध लागला तेव्हा सिद्धान्त बदलला, बाटली तीच राहिली. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या विल्यम रॅडमने १८८० च्या दशकात 'मायक्रोब किलर' काढलं. तपासणीत ते जवळजवळ सगळं पाणी निघालं, त्यात किंचित गंधकाम्ल.

या साऱ्यात मला सर्वांत जास्त जडपणे वाचावी लागतात ती लहान मुलांची औषधं. गॉडफ्रेजच्या कॉर्डियलमध्ये अफू होती. १८४९ पासून विकल्या गेलेल्या मिसेस विन्स्लोच्या 'सूदिंग सिरप'मध्ये मॉर्फीन होतं. जाहिरातीत पांढऱ्या टोपीतली प्रेमळ आई, मांडीवर दात येणारं बाळ, आणि मजकूर असा की बाळ नैसर्गिक शांत झोप घेईल व सकाळी टवटवीत उठेल. आई थकलेली, दिवसभर काम, घरात आणखी चार मुलं. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देत, त्याचंही कारण हेच होतं. किती मुलं त्या झोपेतून उठली नाहीत याचा आकडा कुणी ठेवला नाही. मृत्यूच्या नोंदीत 'दात येताना' किंवा 'झटके' एवढंच लिहिलेलं असे. त्या पत्रांच्या त्याच पानांवर मुलांच्या निधनाच्या दोन ओळींच्या बातम्या असतात. सूची करताना डोळ्यांना त्या टाळता येत नाहीत.

आता प्रशस्तिपत्रं. 'मी अंथरुणाला खिळले होते, सात डॉक्टर हरले, सहा बाटल्यांनी उठले', खाली नाव, गाव, राज्य. सगळी बनावट होती असं समजू नका. बरीच खरी होती, कारण पुष्कळ दुखणी आपोआप बरी होतात, आणि अल्कोहोल वा अफू घेतल्यावर तासाभरात बरं वाटतंच. नावाची खात्री करता येते. १८५० पासूनच्या अमेरिकी जनगणनेत घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव आहे, शहरांच्या निर्देशिका आहेत. मी अशी नावं शोधून पाहिली आहेत. माणूस सापडतो आणि कधी कधी त्याच्या मृत्यूची बातमीही सापडते, त्याची साक्ष छापली जातच असताना.

साक्षीचा सर्वांत मोठा धंदा झाला मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या लिडिया पिंकहॅम यांच्या नावावर. १८७३ च्या मंदीत घर बुडालं. बाई स्वयंपाकघरात मुळ्यांचा काढा करून शेजारणींना देत असत. १८७५ पासून मुलांनी तो विकायला काढला, १८७६ मध्ये 'बोस्टन हेरल्ड'मध्ये जाहिरात देऊन पाहिली आणि मागणी धो-धो आली. १८७९ पासून जाहिरातीत बाईंचा चेहरा येऊ लागला: शांत, वडीलधारा, विश्वास बसावा असा. काढ्यात सुमारे अठरा टक्के अल्कोहोल होतं. जाहिरात सांगे: पुरुष डॉक्टरला सांगायला लाज वाटते ते मिसेस पिंकहॅमना लिहा, स्त्रीचं दुखणं स्त्रीलाच कळतं. आणि हजारो बायकांनी लिहिलं. त्या काळी ओटीपोटाची शस्त्रक्रिया म्हणजे मरणाशी गाठ, आणि पाळीबद्दल, गर्भपाताबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल विचारायला दुसरी जागाच नव्हती. काढ्याने गुण येवो न येवो, कुणी आपलं ऐकून घेतं आहे हे त्या बायकांना पहिल्यांदा वाटलं असावं. या खऱ्या गरजेवर तो धंदा उभा होता, म्हणून तो इतका टिकला. पिंकहॅमबाई १८८३ मध्ये वारल्या. 'मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा' हे पुढेही छापून येत राहिलं. १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल'चे संपादक एडवर्ड बोक यांनी लिनच्या दफनभूमीतल्या त्यांच्या थडग्याच्या दगडाचं छायाचित्रच छापलं. कंपनीचं म्हणणं होतं की जाहिरातीतली मिसेस पिंकहॅम म्हणजे त्यांची सून. बोक यांना हे छापणं परवडलं, कारण त्यांच्या मासिकाने १८९२ पासूनच पेटंट औषधांच्या जाहिराती बंद केल्या होत्या.

बाकीच्यांना परवडत नव्हतं. का, ते १९०५ मध्येच उघडकीस आलं. कॅन्ससमधल्या 'एम्पोरिया गॅझेट'चे संपादक विल्यम अ‍ॅलन व्हाइट यांच्यामार्फत औषधवाल्यांचे जाहिरातकरार 'कॉलिअर्स' साप्ताहिकाकडे पोचले. टोलेडोच्या 'हॉल्स कॅटार क्युअर' या औषधाचे मालक फ्रँक चेनी यांनी एक कलम काढलं होतं. करारावर लाल शाईत छापलेलं: तुमच्या राज्याने औषधांच्या निर्मितीवर किंवा विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला, तर हा करार रद्द. चेनी आपल्या व्यवसायबंधूंना सांगत होते की असे करार त्यांनी पंधरा-सोळा हजार पत्रांशी केले आहेत. विधिमंडळात एखादं विधेयक आलं की संपादकाला एक पत्र जाई, कराराच्या लाल ओळीची आठवण देणारं. संपादक आपल्या आमदाराला गाठे, आणि विधेयकाची बातमी मात्र छापत नसे. मॅसॅच्युसेट्समध्ये औषधाच्या बाटलीवर आतले घटक लिहावेत या विधेयकावर उघड चर्चा झाली, तेव्हा राज्यातली पत्रं गप्प राहिली. 'स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन'ने तेवढी ती चर्चा इतर कोणत्याही बातमीसारखी छापली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर या लाल ओळीत आहे. म्हणून जुनं पत्र वाचताना जाहिरातीत काय आहे याच्याइतकंच, तिच्यामुळे शेजारच्या कॉलमात काय आलं नाही, हे मी शोधतो. काढ्याने मेलेल्या माणसाची बातमी औषधाच्या नावानिशी सापडते का? मला क्वचितच सापडली आहे.

त्याच 'कॉलिअर्स' साप्ताहिकात सॅम्युअल हॉपकिन्स अ‍ॅडम्स यांनी ७ ऑक्टोबर १९०५ पासून लेखमाला लिहिली. अमेरिका या औषधांवर वर्षाला साडेसात कोटी डॉलर घालवते, अशी तिची सुरुवात. पेरुना या गाजलेल्या टॉनिकात सुमारे अठ्ठावीस टक्के अल्कोहोल असल्याचं त्यांनी दाखवलं. ज्या घरांत दारूबंदीची शपथ घेतलेली होती, तिथे ते चमच्याने घेतलं जात होतं. रोग्यांच्या पत्रांच्या दलालांचीही त्यांनी माहिती काढली: रोग्यांनी विश्वासाने लिहिलेली पत्रं गठ्ठ्याने एका कंपनीकडून दुसरीकडे भाड्याने दिली जात. ३० जून १९०६ ला शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही झाली आणि अल्कोहोल, अफू, मॉर्फीन, कोकेन, क्लोरोफॉर्म यांसारखे पदार्थ लेबलावर लिहिणं सक्तीचं झालं. बंदी नव्हती, फक्त लिहायचं. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडला, कारण आईने बाटलीवर 'मॉर्फीन' हा शब्द वाचला. मात्र कायदा लेबलापुरता होता, वर्तमानपत्रातली जाहिरात त्याबाहेर. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर 'हे औषध अमुक रोग बरा करतं' हा खोटा दावा या कायद्याखाली येत नाही असं ठरवलं, म्हणून १९१२ मध्ये दुरुस्ती करावी लागली. औषधाच्या जाहिरातीवर केंद्राचा खरा अंकुश आला तो १९३८ मध्ये.

घरगुती वस्तूंबद्दल थोडक्यात. साबण, बेकिंग पावडर, घासायची वडी यांच्या मोठ्या जाहिराती औषधांच्या पाठीमागून आल्या आणि शिकल्या त्या औषधांकडूनच. पूर्वी साबण दुकानदार मोठ्या लादीतून कापून देई, त्याला नाव नसे. नावानिशी देशभर विकला जाणारा पहिला माल म्हणजे काढा. १८७९ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने पांढऱ्या साबणाला 'आयव्हरी' हे नाव दिलं. १८८२ मध्ये एका धार्मिक साप्ताहिकात त्याची जाहिरात आली आणि '९९ ४४/१०० टक्के शुद्ध' हा आकडा घरोघरी गेला. रसायनतज्ज्ञाची तपासणी, टक्केवारी, शुद्धतेची हमी: ही भाषा काढ्यांच्या खोटेपणाला कंटाळलेल्या गिऱ्हाइकासाठी घडली, असं माझं मत आहे. सॅपोलिओ ही घासायची वडी, रॉयल बेकिंग पावडर यांच्या जाहिराती तुमच्या अंकात असतील तर त्या काढ्यांशेजारी ठेवून पाहा. मांडणी तीच, 'नक्कलेपासून सावध राहा' ही ओळही तीच.

आता तुमचा अंक हातात घेऊन काय करायचं ते सांगतो.

प्रत्येक जाहिरातीची अगदी शेवटची ओळ पाहा. तिथे बारीक अक्षरांत निरर्थक वाटणारी खूण असते: महिन्याचं संक्षिप्त नाव, तारीख, मग '३ एम' किंवा '१ वाय'. ती वाचकासाठी नाही, खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणाऱ्यासाठी आहे: जाहिरात कधी सुरू झाली आणि तीन महिने की वर्षभर चालवायची. 'टी एफ' असेल तर 'टिल फॉरबिड', म्हणजे मालक थांबवा म्हणेपर्यंत छापत राहायचं. '१ ए डब्ल्यू' म्हणजे आठवड्यातून एकदा. संगणकाने वाचलेल्या मजकुरात इंग्रजी १ चा 'एल' होऊन ही खूण 'लॉ' (law), म्हणजे कायदा, अशी होऊन बसते आणि शोधणाऱ्याला भलतीकडे नेते. या खुणांवरून फाटक्या, बिनतारखेच्या पानाचीही तारीख मी कित्येकदा काढली आहे. मजकुरात सरकारी तिकिटाचा उल्लेख असेल तर आणखी सोपं. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ पासून औषधाच्या बाटलीवर कराचं तिकीट लावावं लागे, ते १८८३ मध्ये बंद झालं.

दुसरं म्हणजे पानं उजेडाला धरून शाई आणि खिळे ताडून पाहा. तुमच्या दशकातल्या गावच्या साप्ताहिकांत फार वेळा दोन पानं त्या गावात छापलेलीच नसत. १८६१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावच्या अ‍ॅन्सेल केलॉग यांचे कामगार युद्धावर गेले, तेव्हा त्यांनी एका बाजूने छापलेले कागद मॅडिसनहून मागवले आणि कोऱ्या बाजूवर गावच्या बातम्या छापल्या. पुढे शिकागोला जाऊन त्यांनी हाच धंदा केला. तयार पानं शेकडो पत्रांना जात, त्यांवरच्या औषधांच्या जाहिराती सगळीकडे त्याच, आणि त्यांचा पैसा तयार पानं पुरवणाऱ्याला मिळे. गावच्या मुद्रकाला कागद स्वस्त पडे, एवढाच त्याचा लाभ. मी या कामात नवा असताना नेब्रास्कातल्या एका गावाच्या पत्रावरून तिथे संधिवाताचा फार जोर असावा असं टिपण लिहिलं होतं. शेजारच्या जिल्ह्याची फिल्म लावली तर तीच पानं, त्याच जागी, त्याच तुटक्या अक्षरासकट. ते टिपण मी फाडलं. तेव्हापासून कोणत्याही जाहिरातीला गावची साक्ष मानण्याआधी शेजारचं पत्र उघडून पाहतो. तुम्हालाही ते घरबसल्या जमेल. लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'क्रॉनिकलिंग अमेरिका'मध्ये जुनी पानं सगळ्यांसाठी मोफत ठेवली आहेत. जाहिरातीतलं एखादं विचित्र वाक्य तिथे जसंच्या तसं शोधा.

तिसरं, बातम्यांच्या कॉलमात घुसलेल्या जाहिराती. अपघाताची किंवा लग्नाची बातमी वाटावी अशी सुरुवात, आणि चौथ्या ओळीत काढ्याचं नाव. पैसे घेऊन छापलेल्या अशा मजकुरावर 'जाहिरात' असं लिहिणं १९१२ च्या कायद्याने सक्तीचं झालं. तुमच्या अंकात ते लिहिलेलं नसणार, तेव्हा प्रत्येक छोटी बातमी शेवटापर्यंत वाचा.

हे सगळं करून झालं की गावात छापलेल्या बाजूवरच्या जाहिराती वेगळ्या काढा. त्यांच्या तळाशी त्या गावातल्या औषधविक्रेत्याचं नाव असेल. मग त्याच अंकाच्या स्थानिक बातम्यांत ते नाव शोधा: नव्या काचेच्या खिडक्या बसवल्या, मुलगा शाळेत पहिला आला, संपादकाला सिगारची पेटी भेट दिली. मला अशा ओळी पुष्कळ अंकांत सापडल्या आहेत. तुमच्या अंकात सापडली तर त्या दोन्ही जागांचं छायाचित्र आणि जाहिरातीच्या शेवटची ती बारीक खूण पाठवा. तारीख आणि छापखाना ओळखायला मी मदत करीन.